यंत्रात नेमके काय आहे? : फंक्शनल पॅकेज व्यवस्थापनाची दोन दशके

संगणकावर एखादा प्रोग्राम ‘बसवला’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात काय होते? डेबियन, उबुंटू, फेडोरा या लिनक्स प्रणालींवर याचे उत्तर गेली तीस वर्षे जवळजवळ एकच आहे. त्या प्रोग्रामच्या फायली ठरलेल्या सामाईक फोल्डरांत विखरून ठेवल्या जातात. चालवायची फाइल एका जागी, लायब्ररी दुसरीकडे, सेटिंग तिसरीकडे. सगळे प्रोग्राम याच फोल्डरांत नांदतात. नवी आवृत्ती आली की जुन्या फायलींवर नव्या लिहिल्या जातात आणि जुने जे होते ते गेले. डेबियनचा डीपीकेजी आणि रेड हॅटचा आरपीएम हे पॅकेज मॅनेजर १९९०च्या दशकात याच गृहीतकावर उभे राहिले आणि त्यांनी ते काम उत्तम निभावले, हे आधीच मान्य केलेले बरे. जगातले असंख्य सर्व्हर आजही त्यांच्याच भरवशावर चालतात.

अडचण सुरू होते ती दोन प्रोग्रामांना एकाच लायब्ररीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या लागल्या की. एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली राहू शकत नाहीत, म्हणून एकाची सोय केली की दुसरा मोडतो. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर यंत्र धड जुने राहत नाही की धड नवे होत नाही. जाणकार माणसे हे सगळे निभावून नेतात. मात्र एक प्रश्न त्यांनाही सहजी सुटत नाही. चार-पाच वर्षे चालत आलेल्या सर्व्हरवर आज जे आहे, ते कशाकशातून तयार झाले? कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीचे, ही यादी मिळते. पण ते कोणत्या कंपायलरने आणि कोणत्या लायब्ररी हाताशी घेऊन बांधले, मधल्या काळात कुणी हाताने काय बदलले, याचा माग लागत नाही. जमिनीच्या भाषेत सांगायचे तर सातबारा हातात आहे, पण फेरफाराची नोंदवही गहाळ आहे. फंक्शनल पॅकेज व्यवस्थापनाचे खरे मोल, माझ्या मते, ती नोंदवही परत मिळवून देण्यात आहे. ज्या फायद्यांची जाहिरात जास्त होते, ते सगळे तिच्या मागोमाग येतात.

या कल्पनेचा जन्म नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात झाला. एल्को डोल्स्त्रा यांनी २००३ मध्ये निक्स नावाचा पॅकेज मॅनेजर लिहायला घेतला, २००४ मध्ये त्यावरचे शोधनिबंध आले आणि जानेवारी २००६ मध्ये त्यांचा प्रबंध. सॉफ्टवेअर यंत्रांवर पोचवण्याचे ‘शुद्ध फंक्शनल’ प्रारूप, असा त्याचा विषय. यातले फंक्शन म्हणजे गणितातले फंक्शन. ३० अंशांचा साइन कुणीही, कुठेही, कधीही काढला तरी उत्तर अर्धेच येते. हॅस्केलसारख्या भाषा प्रोग्रामिंगमध्येही हीच शिस्त पाळतात. डोल्स्त्रा यांनी ती पॅकेज बांधण्याला लावली. सोर्स कोड, कंपायलर, लायब्ररी, बांधणीची स्क्रिप्ट आणि पर्याय ही इनपुट. तयार झालेले फोल्डर हे आउटपुट. इनपुट तीच असतील तर आउटपुटही तेच यायला हवे आणि एकदा आलेले आउटपुट पुन्हा कधीच बदलायचे नाही.

हे म्हणायला सोपे आहे. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर बांधणाऱ्या स्क्रिप्टांना इकडेतिकडे डोकावायची सवय असते. यंत्रावर एखादी लायब्ररी दिसली की गुपचूप तिचा वापर करायचा, नसेल तर तेवढी सोय वगळून पुढे जायचे. माझ्या यंत्रावर चालते, तुझ्या का नाही, या नेहमीच्या वादाचे मूळ बरेचदा इथे असते. म्हणून निक्समध्ये बांधणी बंद खोलीत होते. बांधणाऱ्या प्रक्रियेला वेगळा वापरकर्ता मिळतो, जाहीर केलेल्या इनपुटांखेरीज डिस्कवरचे काही दिसत नाही, इंटरनेट बंद, पर्यावरणातली चलपदे पुसलेली. घरच्या फोल्डराच्या जागी अस्तित्वातच नसलेल्या एका फोल्डराचे नाव दिलेले असते, म्हणजे तिथे हात घालणारी स्क्रिप्ट तोंडघशी पडते. शेवटी फायलींवरच्या तारखाही सरसकट १ जानेवारी १९७०च्या पहिल्या सेकंदावर नेऊन ठेवल्या जातात. सोर्स कोड आणण्यापुरतेच इंटरनेट उघडते, आणि तेव्हाही येणाऱ्या फायलीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला अक्षरी ठसा, आधीच लिहून दिलेला असावा लागतो. जुळला नाही तर काम थांबते.

तयार झालेले प्रत्येक पॅकेज ‘स्टोअर’ या एका मोठ्या फोल्डरात आपापल्या स्वतंत्र उपफोल्डरात जाते. त्या उपफोल्डराच्या नावाची सुरुवात ३२ अक्षरांच्या एका हॅशने होते. पुष्कळांना वाटते की हा हॅश फोल्डरातल्या मजकुराचा असेल. तसे नाही. सर्वसाधारण पॅकेजासाठी तो इनपुटांवरून काढतात, तोही बांधणी सुरू व्हायच्या आधी. प्रत्येक इनपुटच्या नावात त्याच्या इनपुटांचा हॅश मुरलेला असतो, त्यांच्या नावांत त्यांच्या इनपुटांचा, असे करत ही साखळी कंपायलरपर्यंत आणि त्या कंपायलरला बांधणाऱ्या कंपायलरपर्यंत जाते. तळाच्या सी लायब्ररीत एक ओळ बदला, तिच्यावर उभ्या असलेल्या हजारो पॅकेजांची नावे बदलतील. एकाच लायब्ररीच्या दहा आवृत्त्या शेजारी शेजारी राहतील आणि कोणतीही दुसरीच्या वाटेला जाणार नाही, कारण प्रत्येक प्रोग्रामला आपली लायब्ररी पूर्ण पत्त्यासकट ठाऊक असते.

नाव आधी कळते, याचा आणखी एक मोठा लाभ आहे. बांधायला घेण्यापूर्वीच दूरच्या सर्व्हरला विचारता येते की या नावाचे काही तुझ्याकडे तयार आहे का? असेल तर त्याची सही तपासून थेट उतरवून घ्यायचे, नसेल तर स्वतः बांधायचे. म्हणजे व्यवस्था तत्त्वाने सोर्सवर उभी आहे, पण रोजच्या वापरात उबुंटूइतक्याच सहजपणे तयार बायनरी देते. सगळे सोर्सवरून बांधायला लावणाऱ्या जेंटूसारख्या प्रणालीत रात्र रात्र कंपायलर चालवलेल्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

वापरकर्त्याला अर्थातच हॅशांचे हे जंगल दिसत नाही. त्याच्यापुढे ‘प्रोफाइल’ असते, म्हणजे स्टोअरमधल्या निवडक गोष्टींकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंकांचे एक फोल्डर. काही बसवले किंवा काढले की प्रोफाइलची नवी ‘पिढी’ तयार होते आणि सगळ्यात वरचा एक दुवा एका झटक्यात नव्या पिढीकडे वळतो. वीज गेलीच तर दुवा जुन्याकडे असतो किंवा नव्याकडे, मधली अवस्था नाही. नवी पिढी पसंत पडली नाही तर दुवा मागे वळवायचा. हीच रीत अख्ख्या प्रणालीला लावली की यंत्र सुरू होतानाच्या मेनूत मागच्या पिढ्यांची यादी दिसते आणि काल व्यवस्थित चालणारी प्रणाली पुन्हा निवडता येते. निक्सओएस ही याच तत्त्वावरची पूर्ण लिनक्स प्रणाली; २००८ मध्ये डोल्स्त्रा आणि आंद्रेस ल्योह यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला.

आता काहीच पुसायचे नाही म्हटल्यावर डिस्क भरत जाणार. साफसफाई करायची, पण कोणाला काय लागते हे कसे ओळखायचे? पॅकेज लिहिणाऱ्याने दिलेल्या यादीवर विसंबणे धोक्याचे, माणसे विसरतात. डोल्स्त्रा यांचे या प्रश्नाचे उत्तर मला सगळ्या रचनेतले सर्वांत देखणे वाटते. बांधून झालेल्या फायलींतला बाइट अन् बाइट चाळायचा आणि त्यात इनपुटांच्या हॅशची ३२ अक्षरे कुठे सापडतात का ते पाहायचे. सापडली, तर चालतानाही हे पॅकेज त्या इनपुटवर अवलंबून आहे असे धरायचे. इतकी लांब, यादृच्छिक अक्षरमाळ योगायोगाने उमटण्याची भीती नाही. प्रोग्रामच्या मेमरीतला कचरा गोळा करताना संशोधकांनी फार पूर्वी वापरलेली ही ‘सावध’ युक्ती. पॉइंटरच्या जागी हॅश आणि मेमरीच्या जागी डिस्क. कोणत्याही जिवंत प्रोफाइलपासून जिथवर पोचता येत नाही, ते सारे बिनधास्त पुसता येते. युक्तीला एक छिद्र आहे. संकुचित केलेल्या फाइलच्या आत हॅश दडला असेल तर तो चाळणीत सापडत नाही. त्यामुळे पॅकेज बांधणाऱ्यांना जावाच्या जार फायलींसारख्या ठिकाणी जपावे लागते.

साखळीची ताकद हीच तिची अडचणही आहे. तळाच्या लायब्ररीत सुरक्षेची भेग सापडली तर दुरुस्ती एका ओळीची असेल, पण वरचे सगळे पुन्हा बांधायला हवे. त्यात दिवस जातात आणि तोवर यंत्रे उघडी राहतात. निक्सच्याच धर्तीवर घडलेल्या गीक्स या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरने यावर ‘कलम’ बांधायची सोय काढली. तयार बायनरींमध्ये जुन्या लायब्ररीचा पत्ता शोधून त्या जागी दुरुस्त लायब्ररीचा पत्ता लिहायचा. बायनरीतल्या जागा हलू नयेत म्हणून दोन्ही पत्त्यांची लांबी सारखी असावी लागते. शुद्धतावाद्यांना हे पटत नाही. मला ही सोय शहाणपणाची वाटते, कारण कोणते कलम कशावर बांधले हेही व्याख्येत नोंदलेले राहते.

गीक्सचे नाव आले आहे, तर आता त्याच्याकडे वळू. फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधनसंस्थेत काम करणारे ल्युदोविक कुर्तेस यांनी २०१२ मध्ये ग्नू प्रकल्पाच्या छायेत गीक्स सुरू केले. बांधणीचे काम पाहणारा पडद्यामागचा प्रोग्राम त्यांनी निक्सचाच घेतला, आणि त्याचे श्रेय ते उघडपणे देतात. बदलले ते वरचे सगळे. निक्सने पॅकेजांची वर्णने लिहायला स्वतःची एक छोटी भाषा घडवली. गीक्सने त्याऐवजी लिस्प कुळातली स्कीम ही जुनी, पूर्ण भाषा घेतली, ग्नूच्या गाइल या रूपात. पॅकेजची व्याख्या स्कीममध्ये, बांधणीच्या पायऱ्या स्कीममध्ये, प्रणालीचे वर्णन स्कीममध्ये आणि यंत्र सुरू होताना सेवा उठवणारा शेपर्ड हा प्रोग्रामही स्कीममध्ये. कंसांची ज्यांना ॲलर्जी आहे ते इथेच परत फिरतात. जे टिकतात त्यांना एक गोष्ट मिळते. पॅकेज ही साधी मूल्ये असल्याने ‘हेच पॅकेज, पण अमुक लायब्ररी बदलून’ असे दोन ओळींत म्हणता येते आणि मूळ पॅकेजला धक्का लागत नाही. यंत्राचे सगळे वर्णनही एका फाइलमध्ये मावते: वापरकर्ते, सेवा, डिस्कची मांडणी, टाइमझोन. गीक्सची १.० आवृत्ती २ मे २०१९ रोजी निघाली.

आकाराच्या बाबतीत निक्स कितीतरी पुढे आहे. त्याच्या भांडारात एक लाखाहून अधिक पॅकेजे आहेत, गीक्सकडे तीस हजारांच्या आसपास. फरकाचे एक कारण मनुष्यबळ, दुसरे धोरण. गीक्स फक्त मुक्त सॉफ्टवेअर ठेवते. त्याचा कर्नलही बंदिस्त फर्मवेअर काढून टाकलेला असतो, त्यामुळे अनेक लॅपटॉपांचे वाय-फाय त्यावर चालत नाही. बाहेरच्या मंडळींनी यासाठी वेगळा चॅनल चालवला आहे, पण गीक्सच्या अधिकृत जागांवर त्याचा उल्लेख करायचा नाही असा संकेत आहे. धोरण मला समजते. नवख्याने मात्र पहिल्याच दिवशी वाय-फायविना बसावे, ही त्या धोरणाची चांगली जाहिरात नव्हे.

आता थोडे कडक बोलायला हवे. ‘इनपुट तेच तर आउटपुट तेच’ हे वाक्य या व्यवस्थेच्या प्रत्येक ओळखपत्रावर छापलेले असते. बंद खोली इनपुट तीच ठेवते, एवढे खरे. आउटपुट बाइट-बाइट तेच येईल याची हमी ती देत नाही. कंपायलर फाइलमध्ये बांधणीची वेळ कोरू शकतो, समांतर चालणाऱ्या कामांचा क्रम बदलू शकतो, डिस्कवरून फायली कोणत्या क्रमाने मिळतील हे ठरलेले नसते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात संशोधकांनी निक्सच्या २०१७ ते २०२३ या काळातल्या भांडारातली ७,०९,८१६ पॅकेजे पुन्हा बांधून पाहिली. ९९ टक्क्यांहून अधिक पॅकेजे पुन्हा बांधली गेली, हे फार मोठे यश आहे. बाइट-बाइट तंतोतंत जुळण्याचे प्रमाण मात्र ६९ ते ९१ टक्के होते आणि काळाबरोबर ते सुधारत गेले. न जुळलेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांचा दोष फाइलमध्ये कोरलेल्या तारखेचा होता. या बाबतीत डेबियनचे ऋण मान्य करावे लागते. तिथे २०१३ पासून तंतोतंत बांधणीची मोहीम चालू आहे, आणि मुळातल्या प्रकल्पांकडे तारखा आणि क्रम यांचे दोष दुरुस्त करून घेण्याचे किचकट काम त्या मोहिमेने केले. त्याचा लाभ सगळ्यांना झाला. फंक्शनल व्यवस्थेचे वेगळेपण असे की इथे ताडून पाहणे सोपे पडते. ‘गीक्स चॅलेंज’ ही आज्ञा आपल्या यंत्रावरचे पॅकेज आणि सर्व्हरवरचे पॅकेज यांची तुलना करून फरक दाखवते. सर्व्हरवर आंधळा विश्वास ठेवावा लागत नाही.

विश्वासाची गोष्ट निघाली की केन थॉम्पसन यांचे १९८४ मध्ये छापून आलेले ट्युरिंग पुरस्काराचे भाषण आठवतेच. कंपायलरमध्ये अशी लबाडी लपवता येते की सोर्स कोडात तिचा मागमूस नसेल, तरी त्या कंपायलरने बांधलेल्या पुढच्या प्रत्येक कंपायलरमध्ये ती उतरत राहील, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. म्हणजे नोंदवही कितीही चोख असली तरी तिच्या पहिल्या पानावर एक तयार कंपायलर असतो, आणि तो कुठून आला ते कुणी विचारत नाही. गीक्सचेही पहिले पान असेच होते. सुरुवातीला सुमारे २५० एमबीच्या तयार बायनरी तिथे गृहीत धरल्या जात. ते पान रिकामे करण्याचे काम यान न्यूवेनहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे चिकाटीने केले. एप्रिल २०२३ मध्ये गीक्सने जाहीर केले की बावीस हजारांहून अधिक पॅकेजांचा त्यांचा आलेख आता अवघ्या ३५७ बाइटच्या एका प्रोग्रामवर उभा आहे. हा प्रोग्राम इतकेच करतो की सोळा-अंकी पद्धतीत हाताने लिहिलेले आकडे बाइटांत बदलतो; कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस तो तपासू शकतो. त्याच्यातून थोडा मोठा, त्यातून आणखी मोठा असे जोडणी करणारे प्रोग्राम, मग मेस हा छोटा स्कीम-सी संच, त्यातून टायनी-सी कंपायलर, मग जीसीसी या ग्नूच्या कंपायलरची २.९५ ही जुनी आवृत्ती आणि तिथून पायरीपायरीने आजचा जीसीसी. एक पळवाट शिल्लक आहे, आणि ती मंडळी लपवत नाहीत. हे सगळे चालवायला चालू लिनक्स कर्नल आणि गाइलची एक तयार बायनरी लागतेच. तरीही व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या प्रणालींमध्ये इतक्या खोलवर खणलेली दुसरी मला माहीत नाही.

याचा रोजच्या जगाशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांना २९ मार्च २०२४ आठवावा. त्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या फायली संकुचित करणाऱ्या साध्या साधनात चोरदरवाजा पेरल्याचे उघड केले. एसएसएच जोडणीला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलातून हा शोध लागला. दुष्ट कोडाचा कळीचा तुकडा प्रकल्पाच्या गिट भांडारात नव्हता. तो फक्त प्रसिद्ध केलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या संकुचित फायलींत होता. फंक्शनल व्यवस्थेने तो अडवला का? नाही. ठरलेला हॅश जुळतो म्हणजे फाइल तीच आहे एवढेच कळते. ती सज्जन आहे की नाही ते कळत नाही. निक्सच्या अस्थिर शाखेत दूषित आवृत्ती पोचलीच होती. तो चोरदरवाजा डेब आणि आरपीएम पॅकेज बांधणीतच जागा होत असे, म्हणून निक्स वाचले. आणि एक्सझेड साखळीच्या अगदी तळाशी असल्याने ते मागे घ्यायला प्रचंड फेरबांधणी करावी लागली. पण ‘माझ्या यंत्रांपैकी कशाकशात ही आवृत्ती मुरली आहे?’ या प्रश्नाला इथे अंदाज नव्हे, आलेख उत्तर देतो.

हाच प्रश्न आता सरकारी कागदांवर आला आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या, शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, म्हणजे एसबीओएम, ठेवण्याची अपेक्षा धरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने त्यासाठी तांत्रिक मार्गदर्शिका काढली. बहुतेक ठिकाणी ही यादी तयार सॉफ्टवेअर खरवडून, अंदाजाने भरली जाणार. फंक्शनल व्यवस्थेत ती वेगळी करावी लागत नाही. बांधणीच्या आधीच ती अस्तित्वात असते. दलाल पथावरच्या संस्था उद्या निक्स वापरू लागतील असे मी म्हणत नाही. पण नियम ज्या दिशेने चालले आहेत, त्या दिशेला ही रचना आधीच उभी आहे.

या व्यवस्थेचा सर्वांत पक्का संसार मात्र विज्ञानात जमला आहे. इन्रिया, बर्लिनचे माक्स डेलब्रुक केंद्र आणि उट्रेख्टचे जैवमाहितीशास्त्र केंद्र यांनी २०१७ मध्ये महासंगणकांसाठी गीक्सचा संयुक्त उपक्रम सुरू केला. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या सामाईक यंत्रावर काम केलेल्यांना अडचण माहीत असेल: हवी ती लायब्ररी बसवण्याचा अधिकार संशोधकाकडे नसतो, व्यवस्थापकाला विनंती करून थांबावे लागते. गीक्समध्ये प्रत्येक वापरकर्ता आपले प्रोफाइल स्वतः सांभाळतो आणि दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. याच गरजेतून लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत स्पॅक हे साधन घडले. हॅशांची कल्पना त्याने उचलली, बंद खोलीची नाही. म्हणून ते लवकर रुळले आणि म्हणूनच त्याची हमी ढिली राहिली.

‘टाइम मशीन’ ही गीक्सची आज्ञा संशोधकांनी विशेष दखल घ्यावी अशी आहे. भांडाराच्या गिट इतिहासातला एक बिंदू सांगितला की त्या दिवसाचे गीक्स, त्या दिवसाच्या सगळ्या पॅकेजांसह उभे राहते. २०२० मध्ये रिसायन्स सी या नियतकालिकाने दहा वर्षांहून जुन्या संगणकीय शोधनिबंधांचे निष्कर्ष पुन्हा काढून दाखवा असे आव्हान दिले. कुर्तेस यांनी आपलाच २००६ चा निबंध घेतला, जुन्या कोडासाठी जुनी साधने गीक्समध्ये बसवली आणि कोडापासून आलेखांपर्यंत सगळा लेख एकाच आज्ञेत पुन्हा तयार होईल अशी मांडणी केली. अडथळे दोन प्रकारचे येतात. सोर्स कोड ज्या जागी होता ती जागाच बंद पडते. गिटोरियस २०१५ मध्ये गेले, गूगल कोड २०१६ मध्ये. यासाठी गीक्स सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहाशी जोडलेले आहे. मूळ पत्ता मेला तर कोड तिथून येतो. दुसरा अडथळा गमतीचा आहे. काही पॅकेजांच्या चाचण्यांत मुदतीची प्रमाणपत्रे असतात. ती मुदत उलटली की काल बांधले गेलेले पॅकेज आज बांधले जात नाही. जुने बांधायचे तर यंत्राचे घड्याळ मागे न्यावे लागते.

डॉकरने हा प्रश्न सोडवला नाही का, असे हटकून विचारले जाते. डॉकर तयार झालेली अवस्था गोठवून देतो. ती कशी तयार झाली हे त्याच्या कृतीत लिहिलेले असते खरे, पण त्या कृतीतली पहिली ओळ बहुधा ‘आजची ताजी पॅकेजे आण’ अशी असते, आणि आज रोज बदलतो. गीक्स स्वतः डॉकरचे पॅकबंद रूप काढून देऊ शकते, तेव्हा हा झगडा नाहीच.

तक्रारींची बाजू मोठी आहे आणि त्यातल्या बहुतेक खऱ्या आहेत. डिस्क खूप लागते. गीक्स स्वतःला अद्ययावत करताना चहा करून पिऊन होतो. नेटवरून उतरवलेली तयार लिनक्स बायनरी चालत नाही, कारण ती ज्या ठरलेल्या जागी लोडर शोधते तिथे इथे काही नसते. पायथनच्या पिपने आणलेली पॅकेजे याच कारणाने अडखळतात. नेहमीच्या फोल्डररचनेचा आभास निर्माण करायची सोय आली आहे, पण ती शोधून काढेपर्यंत नवखा माणूस कंटाळतो. निक्सच्या बाजूला ‘फ्लेक्स’ ही आवृत्त्या खिळवून ठेवायची सोय २०२१ पासून सर्रास वापरात आहे, तरी तिच्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का उठलेला नाही. २०२४ मध्ये कारभाराच्या वादातून डोल्स्त्रा निक्सओएस फाउंडेशनच्या मंडळावरून दूर झाले आणि लिक्ससारखे वेगळे फाटे फुटले. बंद खोलीही अभेद्य नाही: मार्च २०२४ मध्ये निक्स आणि गीक्स दोन्हींत अशी भेग सापडली की सोर्स आणणारी प्रक्रिया तपासणीनंतरही आपला निकाल बदलू शकत होती. पाया सामाईक असला की त्याला गेलेले तडेही सामाईक असतात.

माझा कौल असा. घरच्या लॅपटॉपवर पत्रे, ब्राउझर आणि चित्रपट एवढेच असेल तर डेबियन सोडायचे कारण नाही. अनेक यंत्रे एकसारखी ठेवणाऱ्यांनी निक्स शिकण्याचा त्रास घ्यावा. आणि ज्यांचे निष्कर्ष संगणकातून निघतात, त्या प्रयोगशाळांनी गीक्सकडे गांभीर्याने पाहावे. त्यासाठी प्रणाली बदलावी लागत नाही. चालू उबुंटूवर किंवा डेबियनवर गीक्स स्वतंत्रपणे बसते आणि मूळ पॅकेज मॅनेजरच्या कारभारात ढवळाढवळ करत नाही. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना एक विनंती आहे: विद्यार्थ्याने प्रबंधाच्या परिशिष्टात कोडासोबत दोन छोट्या फायली जोडाव्यात असा आग्रह धरा, एक वापरलेल्या पॅकेजांची आणि दुसरी भांडाराच्या नेमक्या बिंदूची. दोन्ही मिळून कागदाच्या एका पानावर मावतात.